घारीचा निरोप

"पुन्हा लावा."

रेडिओवाल्यानं टेप मागं नेली. सकाळपासून ही कितवी खेप, हे तोही विसरला होता. आधी खरखर झाली, मग तिचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. घाईतला होता.

"इंजिन खोकतंय. डावीकडून ऊन मारतंय, नीट दिसत नाही. पुढं खडक दिसतोय. त्याच्या आडोशाला उतरतोय."

पुन्हा खरखर. मग काही नाही.

सोमवारी सकाळी एवढं बोलून एक छोटं विमान आणि ते चालवणारी बाई समुद्रावर गडप झाली होती. आज बुधवार. गस्तीच्या बोटींनी आणि एका हेलिकॉप्टरनं किनाऱ्यापासून पश्चिमेच्या दीपगृहाच्या बेटापर्यंतचं सगळं पाणी चाळून काढलं होतं. पंखाचा तुकडा नाही, तेलाचा तवंग नाही, तरंगणारी चप्पल म्हणाल तर तीही नाही. आज सूर्य बुडाला की शोध थांबणार होता. तसा वरून हुकूम आला होता.

त्या बाईला धावपट्टीवर सगळे घार म्हणत. रोज सकाळी ती एकटी उडायची, दीपगृहाच्या बेटावर टपाल आणि दवाखान्याची औषधं पोचवायची आणि दुपारच्या जेवणाला घरी असायची.

आणि चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला त्याच्या खात्यात शंकासूर म्हणत. चहा चांगला झाला तरी हा माणूस विचारायचा, आज का? तोंडावर कोणी तसं म्हणत नसे, पण पाठीमागं म्हणतात अशी त्याला शंका होती.

"ती रोज सरळ पश्चिमेला जाते," तो म्हणाला. "सकाळचं ऊन पाठीमागून यायला हवं. डावीकडून कसं आलं?"

"वळली असेल, साहेब."

"कुठं?"

"परत. इंजिन बिघडलं की माणूस घराकडेच वळतो."

"घर पूर्वेला. मग ऊन समोरून येईल."

रेडिओवाल्यानं हेडफोन गळ्यात ओढले. "अर्धी वळली असेल," तो म्हणाला, पण स्वतःचं उत्तर त्याला स्वतःलाच पटलेलं दिसलं नाही.

"सोमवारी निघताना काय म्हणाली?"

"रोजचंच. ती म्हणते 'निघतेय', मी म्हणतो 'ये'. वर्षानुवर्षं आमचं एवढंच बोलणं."

"रोजचं टेप होतं?"

"होतं. महिना झाला की पुसतो."

"आता पुसू नका," शंकासूर म्हणाला आणि विमानाच्या शेडकडे निघाला.

शेड रिकामी होती. जमिनीवरचे तेलाचे डाग तेवढे विमानाची जागा दाखवत होते. त्या डागांच्या कडेला मेकॅनिक उभा होता. आत पाऊल टाकत नव्हता. हा घारीचा धाकटा भाऊ. घरात त्याला छोट्या म्हणत, अजूनही. सोमवारपासून मॅनेजरनं त्याला कामावर यायला मनाई केली होती. उद्या पोलिसात जबाब होता. इंजिन त्यानं तपासलं होतं, पेट्रोल त्यानं भरलं होतं, आणि इंजिन खोकलं होतं. लोकांना एवढं पुरे होतं. भावानंच बहिणीला समुद्रात घातलं, असा निकाल बाजारात लागूनही गेला होता.

"पेट्रोल कधी भरलंस?"

"रविवारी संध्याकाळी. बेटावर जाऊन यायला लागतं तेवढं, वर थोडं जास्त."

"गाळून?"

"कायम. नरसाळ्यात चामडं घालतो. पेट्रोल खाली उतरतं, पाणी असलं तर वर राहतं." त्यानं कपाटाचं कुलूप काढून नरसाळं दाखवलं. "किल्ली माझ्याकडेच असते."

कोपऱ्यात एक पिंप होतं. त्यावर लाल रंगाची मोठी फुली. फुलीचा एक पाय ओल्या हातानं पुसल्यासारखा फिसकटला होता. शंकासूरानं पिंपाला ढकलून पाहिलं. ते पोकळ वाजलं.

मेकॅनिकचा चेहरा उतरला. "अर्धं होतं ते! झाकण गंजलंय, आत पाणी शिरलंय. टाकून द्यायचं होतं, म्हणून तर फुली मारली."

"मग टाकलं कोणी?"

"मी नाही."

"वापरलं कोणी?"

"फुली मी मारायची आणि मीच ते वापरायचं? माझी ताई उडणार होती त्यात!"

आवाज एवढा चढला की तो स्वतःच दचकला. शंकासूर भिंतीवरच्या खुंट्यांकडे वळला. संशय सगळ्यांवर सारखा, हा त्याचा नियम होता. डोळ्यांत पाणी आणणाऱ्यावर थोडा जास्तच.

"ह्या दोन खुंट्या कसल्या?"

"तरंगायच्या जाकिटांच्या. एक ताई घालते. दुसरं जादाचं, ते इथंच असतं."

दोन्ही खुंट्या रिकाम्या होत्या.

"कुठंय?"

"तेच कळत नाही. उचललं असेल कोणी."

भिंतीशी बरीच खोकी रचलेली होती. आत सलाइनच्या बाटल्या, वर दीपगृहाच्या बेटावरच्या दवाखान्याचा पत्ता.

"ही का राहिली?"

"मी आलो तेव्हा विमान गेलेलं होतं. थोडी खोकी तिनं नेली, ही इथंच पडली होती. मॅनेजर म्हणाले, उद्याचा माल आहे."

"होता?"

"उद्याचा माल उद्या येतो, साहेब."

"तू यायच्या आत ती निघते रोज?"

"कधीच नाही. पण रविवारी मॅनेजरच म्हणाले, उद्या सावकाश ये, झोप काढ." त्यानं मान खाली घातली. "मला बरं वाटलं होतं."

शेडबाहेरच्या बाकावर त्या दोघांचा बाप बसला होता. म्हाताऱ्यानं जन्मभर बस चालवलेली. त्याच्या हातात चहाचा पेला होता, चहा कधीचा निवलेला.

"मी जमिनीवर चालवली, पोरीनं हवेत," तो आपणहून म्हणाला. "बाबा, एकदा तरी शेजारी बसा म्हणायची. मी म्हणायचो, ब्रेक कुठं असतो ते दाखव, मग बसतो."

"मुलाशी बोलत नाही म्हणे तुम्ही?"

"भीती वाटते. तोंड उघडलं तर भलतंच काही बाहेर पडेल. ते परत घेता येत नाही." म्हाताऱ्यानं पेला खाली ठेवला. "साहेब, शोध बंद करणार म्हणतात. सांगा ना कोणाला तरी."

"काय सांगू? कुठं शोधा म्हणू?"

म्हाताऱ्यानं निवलेला पेला पुन्हा उचलला. कुठं ते शंकासूरालाही माहीत नव्हतं, आणि ते त्याला सहन होत नव्हतं.

मॅनेजरची खोली लखलखीत होती. मॅनेजरही. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्री अशी की कापून जावं. बोलणं लोण्यासारखं.

"गुणी मुलगी हो," त्यानं सुस्कारा सोडला. "आता त्या भावाबद्दल काय बोलावं? आपलेच दात, आपलेच ओठ."

"विमानात ती एकटीच होती?"

"एकटीच. मालाचं विमान आहे. मागच्या तपासणीपासून आम्हाला माणूस न्यायची बंदी आहे, मागची बाकंसुद्धा काढून टाकलीत."

"लाल फुलीचं पिंप रिकामं कसं?"

"त्यानंच ओतलं असणार. आणि फुली नंतर मारली, अंगावर येऊ नये म्हणून. चोराच्या मनात चांदणं."

"मेकॅनिकला उशिरा यायला तुम्ही सांगितलंत."

"माणूस थकला होता. माणुसकी दाखवायला गेलो, तर हे फळ."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. शंकासूराला तयार उत्तरं आवडत नसत. खरं बोलणाऱ्याला थोडं तरी आठवावं लागतं.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आली. हातात जेवणाचा डबा.

"दादा, आज तरी नीट जेव. काल तसाच परत आणलास," ती म्हणाली, आणि पाहुणा दिसताच पदर सावरून उभी राहिली.

"माझी बहीण," मॅनेजर म्हणाला. "आम्ही एकत्रच राहतो."

"ह्यांचा काही निरोप?" तिनं भावाला विचारलं.

"अगं, बरे आहेत. बोटवाला कालच सांगून गेला. तिकडे फोन लागत नाही, माहितीये ना तुला."

"कोणाचा निरोप?" शंकासूरानं विचारलं.

"आमच्या ह्यांचा. दक्षिणेच्या बेटावर हॉटेल व्हायचंय ना, तिथल्या जागेच्या मोजणीला गेलेत. ओसाडच आहे सगळं, वाळूची एक जुनी धावपट्टी तेवढी. सोमवारी सकाळी दादाच गाडीतून घेऊन गेला ह्यांना."

"आणि पुढं बोटीनं?"

"बोटीनं," उत्तर मॅनेजरकडून आलं.

"मला तर नवलच वाटलं," ती हसली. "ह्यांना बोट लागते. नुसतं धक्क्यावर उभं केलं तरी पोटात ढवळतं. पण दादा म्हणाला, गोळी दिलीय." जाता जाता ती वळली. "आणि दादा, सोमवारच्या शर्टाचा तो लाल डाग काही निघत नाही बाई. दोनदा भिजत घातला. आता फडक्यालाच काढते."

"टाकून दे," मॅनेजर म्हणाला.

शंकासूर बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोक्यात सगळं होतं, फक्त एकमेकांना चिकटत नव्हतं. हातात सुटे मणी होते, दोरा सापडत नव्हता. कार्यालयाच्या फोनवर त्याच्यासाठी निरोप होता: घरी फोन करा.

"जेवलात?" बायकोनं विचारलं.

"हं."

"म्हणजे नाही. बरं ऐका, आईला पुन्हा ताप आलाय. आत्ताच निघतोय तिकडं. किल्ली शेजारी ठेवते."

"कोणाला घेऊन?" त्यानं सवयीनं विचारलं.

"झालं, आली शंका! धाकटीला घेऊन. शाळेला सुट्टी आहे तिच्या." मग बायको थबकली. "पण तुम्हाला कसं कळलं? मी कोणाचं नावसुद्धा काढलं नाही."

तो बोलायला गेला आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खरंच, कसं कळलं?

"अहो? हॅलो?"

"तू देवासारखी बोललीस," तो म्हणाला आणि फोन आदळून पळत सुटला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस धावपट्टीच्या कडेनं धापा टाकत पळतोय, हे पाहून बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला.

"जुन्या टेपा लावा," रेडिओच्या खोलीत शिरत तो म्हणाला. "ती उतरतानाच्या. हाताला लागतील त्या."

रेडिओवाल्यानं एकेक लावली. शंकासूर डोळे मिटून ऐकत राहिला. दारात आलेल्या म्हाताऱ्याला त्यानं एकच प्रश्न विचारला. तोही असा की म्हाताऱ्याला वाटलं, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला. उत्तर मिळताच त्यानं गस्तीच्या बोटीला रेडिओ लावायला सांगितला.

"पश्चिम सोडा. इथून दक्षिणेच्या बेटाकडे जाताना वाटेत खडक आहे?"

"आहे एक. मोडक्या दिव्याचा खडक म्हणतात त्याला. पण तिकडं ती कशाला जाईल?"

"आधी तिथं जा. मग मला वेड्यात काढा."

बोटीला पोचायला वेळ लागणार होता. त्या वेळात त्यानं सगळ्यांना तिथंच बोलावलं. मॅनेजर आला, रुमालानं मान पुसत. मेकॅनिक कोपऱ्यात उभा राहिला, बापापासून लांब. दाराशी एक शिपाई. मॅनेजरची बहीण रिकामा डबा न्यायला थांबली होती. डबा अजून भरलेलाच होता.

"तुम्हीही या," शंकासूर तिला म्हणाला. हे म्हणताना त्याला बरं वाटलं नाही. ती आत आली आणि डबा तिनं रेडिओच्या टेबलावर ठेवला.

शेवटचा निरोप त्यानं पुन्हा एकदा ऐकवला.

"ह्यातला शेवटचा शब्द काय?" त्यानं रेडिओवाल्याला विचारलं.

"उतरतोय."

"कोण उतरतोय?"

"घार. म्हणजे, ती..." रेडिओवाला अडखळला.

"ती बाई आहे. बाईमाणूस स्वतःबद्दल 'उतरतोय' म्हणेल? सकाळपासून मी हा शब्द ऐकला, तुम्ही सोमवारपासून ऐकलात. आधीच्याच वाक्यात 'खडक दिसतोय' आहे. खडकाच्या मागोमाग हाही कानावरून निसटला."

"काहीतरीच!" मॅनेजर हसला. "कितीतरी बायका 'येतो, जातो' म्हणतात."

"म्हणतात. म्हणून जुन्या टेपा ऐकल्या. सगळीकडे 'उतरतेय', 'पोचलेय', 'येतेय'. ह्यांनाही विचारलं." त्यानं म्हाताऱ्याकडे बोट केलं.

"लहानपणी म्हणायची, ह्याचं ऐकून," म्हातारा म्हणाला. मुलाचा उल्लेख त्यानं दोन दिवसांत पहिल्यांदा केला. "तिच्या आईनं ओरडून ओरडून सवय मोडली."

"म्हणजे तो आवाज तिचा नाही?" मेकॅनिकनं विचारलं.

"आवाज तिचाच. पण बाई एकटी असली तर 'उतरतेय' म्हणते. सोबत कोणी असलं तरच 'उतरतोय' होतं. 'आम्ही' हा शब्द गाळला तरी क्रियापद चुगली करतं. मघाशी माझी बायको 'निघतोय' म्हणाली, मी लगेच विचारलं, कोणाला घेऊन? घरात मला जे कळतं ते इथं कळायला अर्धा दिवस गेला." त्यानं टेपवर टिचकी मारली. "निघताना ती सांभाळून 'निघतेय' म्हणाली. खोटं बोलायला सवड लागते. इंजिन बंद पडताना ती सवड नव्हती. विमानात दोन माणसं होती."

त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"मग बाकीचं आपोआप जुळतं. खोकी राहिली, कारण त्यांच्या वजनाइतका एक माणूस बसला होता. जादाचं जाकीट चोरीला गेलं नाही, त्या माणसाला घातलं. डावीकडून ऊन आलं, कारण ती पश्चिमेला जातच नव्हती. सकाळी डावीकडे ऊन म्हणजे तोंड दक्षिणेला. आणि दक्षिणेला विमान उतरेल अशी जागा एकच, हॉटेलच्या बेटावरची ती वाळूची पट्टी. सोमवारी सकाळी तिथं कोण जाणार होतं? ज्याला बोट लागते असा एक माणूस."

मॅनेजरची बहीण आतापर्यंत दुसऱ्याची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होती. आता तिनं मान वळवली.

"दादा?"

मॅनेजरनं तिच्याकडे पाहिलं नाही. "हे सगळे तर्क आहेत. पेट्रोलचं काय? इंजिन ह्याच्या हलगर्जीपणानं बंद पडलं!"

"पेट्रोलकडेच येतोय. रविवारी ह्यानं पश्चिमेला पुरेल एवढंच भरलं होतं. आधी दक्षिण, मग पश्चिम म्हटलं तर जास्त लागणार. जास्त का, असं ह्यानं विचारलं असतं, म्हणून ह्याला उशिरा यायला सांगितलं. चांगलं पेट्रोल आणि गाळायचं नरसाळं, दोन्ही ह्याच्या कुलपात. बाहेर एकच पिंप होतं. फुलीचा अर्थ कळला नाही, की कळूनही वळला नाही, ते तुम्हीच सांगा. कोणीतरी ते कवेत घेऊन ओतलं. ओतताना पेट्रोल पिंपावरून ओघळलं. पेट्रोलनं रंग सुटतो. फुलीचा एक पाय फिसकटला, म्हणजे ओतायच्या आधीच फुली होती. आणि तो पाय कोणाच्या तरी छातीला लागला."

"सोमवारचा शर्ट," बहीण हळूच म्हणाली.

"तो टाकू नका, ताई," शंकासूर म्हणाला.

मॅनेजर खुर्चीत बसला. इस्त्रीचा शर्ट असूनही माणूस चुरगळलेला दिसत होता.

"एकदाच," तो म्हणाला. "घरचा माणूस, बोट सोसत नाही, एकदा नेऊन सोडायला काय हरकत, एवढंच. घार नाही म्हणत होती. मी म्हटलं, नाही म्हणालीस तर भावाला उद्यापासून घरी बसवतो."

कोपऱ्यातला मेकॅनिक भिंतीला टेकत टेकत खाली बसला. म्हातारा खोली ओलांडून त्याच्याकडे गेला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

"आणि विमान पडलं तेव्हा?" शंकासूरानं विचारलं. "तेव्हा का नाही सांगितलंत? दोन दिवस सगळे भलत्याच पाण्यात शोधत होते!"

"वाटलं, दोघंही गेलीच. सांगून ती परत येणार होती का? परवाना गेला असता, मला तुरुंग झाला असता. मेलेल्यांना काय फरक..."

"ती मेलीयत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बहीण त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता. "काल तू म्हणालास, निरोप आलाय. बरे आहेत. मी देवापुढं दिवा लावला, दादा."

मॅनेजरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

रेडिओ खरखरला. रेडिओवाल्यानं झडप घातली.

"मोडक्या दिव्याजवळ पोचलोय," गस्तीच्या बोटीवरून आवाज आला. "विमानाची शेपटी दिसतेय पाण्यात. आणि वर खडकावर... खडकावर कोणीतरी कापड हलवतंय!"

रेडिओवाल्यानं टेबलावर मूठ आपटली. मेकॅनिक उठला, बापाला धरून पुन्हा पुन्हा "बाबा, बाबा" एवढंच म्हणत राहिला. शंकासूरानं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. मॅनेजरची बहीण रेडिओच्या अगदी जवळ सरकली. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि ती बघवत नव्हती.

मग वाट पाहणं. बोट खडकाला लावणं सोपं नसतं, असं रेडिओवाला दोनदा म्हणाला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

शेवटी पुन्हा खरखर. आणि त्या खरखरीतून एक घोगरा, सुकलेला आवाज.

"छोट्या आहे का तिथं?"

"आहे ताई! आहे मी! बाबाही आहेत!"

"सलाइन पिऊन जगले रे," आवाज म्हणाला. हसायचा प्रयत्न होता तो, जमला नाही. मागं लाटा आपटत होत्या. "बाबांना सांग... येतेय."

म्हाताऱ्याच्या तोंडावर फुटलेलं हसू तिथंच थांबलं.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी तो शब्द नीट ऐकला होता. तो कसा ऐकायचा, हे त्यांना आत्ताच शिकवलं होतं. शिकवणाऱ्याला त्या क्षणी आपली जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"येतेय?" बहिणीनं विचारलं. "येतेय म्हणाली ती?"

रेडिओवाल्यानं शंकासूराकडे पाहिलं. शंकासूरानं मान हलवली. रेडिओवाल्यानं बोटीला विचारलं, शक्य तेवढ्या हळू आवाजात.

"हो, एक गृहस्थ आहेत," बोटीवरून उत्तर आलं. "छातीला मार होता. बाई म्हणतायत, काल दुपारपर्यंत बोलत होते."

"काल दुपारपर्यंत," मॅनेजर पुटपुटला. शिपायानं पुढं होऊन त्याचा दंड धरला. तो उठला नाही, त्याला उठवावं लागलं. दारातून जाताना तो बहिणीसमोर थांबला, पण तिनं त्याला पाहिलंच नाही. जणू वाटेत खुर्ची होती.

ती टेबलाकडे गेली. न उघडलेला डबा तिनं उचलला आणि पदरानं त्याचं झाकण पुसलं. मग शंकासूराला म्हणाली,

"त्याच बोटीनं हेही येतील ना?"

"येतील."

"मग मला धक्क्यावर जायला हवं. ह्यांना बोट लागते."

शंकासूर तिच्या वाटेतून बाजूला झाला. म्हाताऱ्यानं मुलाचा हात सोडला, पुढं होऊन त्या बाईच्या हातातला डबा घेतला आणि दार उघडून धरलं.

"चल पोरी," तो म्हणाला. "आपण सगळेच जाऊ."